दम देणे, दम लागणे

दिवाळीच्या सुट्टीत माझ्यासमोर दोन गोष्टी असतात. एक फराळाचे ताट, आणि दुसरा सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा. पहिल्याचा फडशा दोन दिवसांत पडतो. दुसरा मात्र भाऊबीज उलटली तरी कोनाड्यात बसून माझ्याकडे पाहत राहतो. येता-जाता आई विचारते, "तपासून झाले का रे?"

हा 'तपासणे' शब्द आपल्या भाषेत मोठा ऐसपैस आहे. मास्तर पेपर तपासतो, डॉक्टर रोगी तपासतो, आगगाडीत तिकिटे तपासतात. प्रत्येक ठिकाणी एक तपासणारा असतो आणि एक तपासला जाणारा. मी आजवर बहुधा पहिल्या बाजूलाच बसत आलो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. आजची मुले त्याला दहावी म्हणतात. मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला एका वस्तीशाळेवर मास्तर म्हणून लागलो आणि तिथेच चाळिशी ओलांडली. फावल्या वेळात दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे माणसे पारखण्याची विद्या मला अवगत असावी, असा लोकांचा समज झाला. आणि खरे सांगायचे तर माझाही. तो समज दोन वेळा खोटा ठरला. दोन्ही वेळा प्रश्न दुसऱ्याच्या श्वासाचा होता.

पहिली गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. चौथीत एक मुलगा होता. टेकाडापलीकडच्या ठाकरवाडीतून येई. थंडीच्या दिवसांत तो हटकून उशिरा पोहोचे, दाराच्या चौकटीला हात टेकून उभा राही आणि खांदे वर ओढून घेई. विचारले की म्हणे, "गुरुजी, दम लागला." आता टेकाड चढून आलेल्या कोणत्या पोराला दम लागत नाही? पण त्याच वाटेने येणारी आणखी चार मुले आल्याआल्या अंगणात हुंदडत असत. मग यालाच तेवढा दम कसा लागतो? कवायत चुकवायची असेल, असे मी धरून चाललो आणि त्याला दम दिला. ज्याला दम लागला आहे त्यालाच दम द्यावयाचा, आणि दोन्हीला शब्द एकच! मराठीतला हा खेळ त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही.

वाचनाच्या तासाला तो दोन-दोन शब्दांवर थांबे. "एका गावात", मग थांबला. "एक म्हातारी", पुन्हा थांबला. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला: 'वाचन अडखळत. सराव हवा.' शेरा माझ्या मते अगदी वाजवी होता.

एके दिवशी गावातल्या आशाताई मुलांना जंतांच्या गोळ्या द्यायला शाळेत आल्या. गोळ्या वाटता वाटता त्या या मुलापाशी थबकल्या. त्यांनी त्याला काहीच विचारले नाही. त्याचा सदरा वर केला, हातातल्या घड्याळाकडे पाहिले आणि पुरते एक मिनिट गप्प उभ्या राहिल्या. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "गुरुजी, ह्या फासळ्या बघा. श्वास घेतला की मधली कातडी आत ओढली जाते. नाकपुड्या बघा कशा फुलतात. हा वाचायला कच्चा नाही हो, ह्याला श्वास पुरत नाही."

मी पाहिले. ते सारे महिनाभर माझ्यापासून चार हातांवर घडत होते. पुढे तालुक्याच्या दवाखान्यात त्याला दमा असल्याचे ठरले आणि तोंडाने ओढायचे औषध सुरू झाले. मागाहून मला कळले, की रोग्याला एका श्वासात पुरे वाक्य बोलता येते, अर्धे वाक्य येते की सुटे शब्दच येतात, यावरून दम्याचा झटका किती जोराचा आहे हे डॉक्टर ओळखतात. म्हणजे माझा वाचनाचा तास हीच त्या मुलाची तपासणी होती. फक्त ती तपासायला बसलेला माणूस दुसरेच काही तपासत होता. दीड महिन्याने त्याच मुलाने एक परिच्छेद एका दमात वाचून दाखवला. प्रगतिपुस्तकातला शेरा मी खोडला. पण शाईची खूण काही गेली नाही.

त्या दिवशी मी मनाशी एक सिद्धान्त बांधला: माणूस सांगतो ते खरे मानावे. 'दम लागतो' असे कुणी म्हटले, तर त्याला लागतोच. सिद्धान्त चांगला होता, माणुसकीचा होता. आणि त्या सिद्धान्तानेच दुसऱ्या वेळी मला दगा दिला.

ते २०२० साल होते. १५ सप्टेंबरपासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली होती आणि आशाताई, सेविका घरोघर जाऊन ताप आणि रक्तातला प्राणवायू मोजीत होत्या. माझी बहीण शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला दिलेली. मी सरळगाव-किन्हवलीच्या रस्त्याने तिच्याकडे गेलो होतो. तिचे सासरे, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणत असू, ओटीवर बसून मला यंदाच्या भाताविषयी सांगत होते. दोन दिवस अंग मोडून आले होते म्हणे; बाकी काही नाही. तिथल्या ताईंनी त्यांच्या बोटाला तो चिमटा लावला. आकडा आला ८४. तिने चिमटा काढून आपल्या बोटाला लावला: ९८. पुन्हा तात्यांना: ८३.

तात्या हसले. "अगं पोरी, ही नांगर धरणाऱ्याची बोटं. तुझ्या चिमट्याला ती काय समजणार?" आम्ही सारे हसलो. ताई हसली नाही. ती म्हणाली, "तात्या, आत्ताच्या आत्ता शहापूरला जायला पाहिजे." तात्यांनी माझ्याकडे पाहिले. "काय मास्तर? मला धाप लागलेली दिसते का?" धाप नव्हतीच. ते पुरी वाक्ये बोलत होते, तंबाखू मळीत होते. आणि मी, ठाकरवाडीतल्या पोरापासून शहाणपण शिकलेला मास्तर, मोठ्या ऐटीत म्हणालो, "ताई, माणूस काय सांगतो ते बघा. यंत्राचे काय एवढे!"

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. चौथ्या दिवशी तात्या गेले. आदल्या संध्याकाळी निघालो असतो तर ते वाचलेच असते, असे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. पण ती एक रात्र माझ्या शब्दावर गेली, हे मात्र मी सांगू शकतो.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. एकाने सांगितले आणि मी मानले नाही. दुसऱ्याने सांगितले आणि मी मानले. दोन्ही वेळा मी चुकलो. मग दुसऱ्याच्या श्वासाबद्दल विश्वास ठेवायचा तरी कुणावर? माणसाच्या शब्दावर की आकड्यावर?

या वादाला दोनशे वर्षे तरी झाली आहेत. १८१६ साली पॅरिसमधल्या लेनेक नावाच्या डॉक्टराने एका तरुण रोगी बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून कागदाची सुरळी केली आणि तिचे एक टोक छातीवर ठेवून दुसऱ्याला कान लावला. छातीतला आवाज स्पष्ट ऐकू आला. त्या सुरळीतूनच स्टेथोस्कोप जन्मला. तोवर वैद्याची मुख्य भिस्त रोग्याच्या सांगण्यावर असे. आता रोगी गप्प असला तरी छाती बोलू लागली. हा लेनेक स्वतः १८२६ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी क्षयाने गेला. दुसऱ्यांच्या छातीला ज्याने बोलते केले त्याच्याच छातीत तो रोग होता.

तात्यांच्या बोटाला लावलेला चिमटा हा त्याच वंशातला. १९७४ साली ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने त्याची युक्ती शोधली. बोटातून दोन तऱ्हांचा प्रकाश जातो, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा. प्राणवायूने भरलेले रक्त आणि रिते रक्त हे दोन्ही प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या ठोक्याबरोबर होणारा फरक टिपून यंत्र आकडा काढते. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. त्याच वर्षी त्यांचा तो चिमटा आमच्या पाड्यापाड्यांवर पोहोचला.

तात्यांना धाप का लागली नाही, याचेही उत्तर मागाहून वाचनात आले. श्वास वाढव, असे सांगणारी मेंदूतली घंटा मुख्यत्वे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणजे वाजते. प्राणवायू कमी झाला तर ती बरीच उशिरा वाजते. त्या साथीत कित्येकांचा प्राणवायू उतरे, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राही. घंटा वाजतच नसे. तात्या खोटे बोलत नव्हते. त्यांच्या शरीरानेच त्यांना खबर दिली नव्हती.

मग यंत्रावर भार टाकावा काय? तेही निर्धास्तपणे जमत नाही. बोट गार पडले असेल, नखाला रंग असेल तर आकडा फसवतो. आणि याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र 'ठीक आहे' म्हणत असताना रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात कमी असण्याचा प्रकार, गोऱ्या रोग्यांच्या मानाने काळ्या रोग्यांत जवळजवळ तिप्पट आढळला. काळ्या कातडीतून प्रकाश जाताना हिशेब चुकत होता. आमच्याकडे उन्हात रापलेली बोटे किती आहेत हे मी सांगायला नको. म्हणजे यंत्रालाही आपली नजर असते, आणि ती नजर कुणाची बोटे पाहून तयार झाली, हा प्रश्न उरतोच. तात्यांचे बोलणे त्या दिवशी चुकले; पण ते पुरते वेडगळ नव्हते.

तिसरी गोष्ट माझ्या घरातली, म्हणून ती सर्वांत उशिरा दिसली. माझी आई. तिला मी कधी धाप लागलेली पाहिली नाही. "दम लागतो का ग?" असे कुणी विचारले तर ती म्हणे, "नाही बाई, वय झालं एवढंच." आणि ते खरेही वाटे. एकदा सहज बोलता बोलता मी हिशेब केला. पूर्वी ती विहिरीवरून दोन हंडे आणी, मग एक, मग कळशी, आता नळ आला म्हणून तो प्रश्नच मिटला. म्हशाच्या जत्रेला जाणे तिने 'गर्दी फार' म्हणून सोडले. देवळाच्या पायऱ्यांवर 'गुडघे दुखतात' म्हणून ती खालूनच हात जोडू लागली. दम लागू नये म्हणून तिने आपले जगणेच थोडे थोडे कापत आणले होते. जिथे दम लागे तिथे जाणेच बंद केल्यावर तो लागणार कुठून? तिचे 'नाही' हे उत्तर खरे होते; पण फार महागात पडलेले होते.

रोग्याला काय विचारावे याचेही एक शास्त्र आहे. वेल्समधल्या कोळसा खाणींच्या मजुरांत काम करणाऱ्या फ्लेचर या डॉक्टराने १९५२ च्या सुमारास धापेच्या पायऱ्या ठरवल्या. त्यांचेच सुधारलेले रूप आजही वापरतात. घाईने चालताना किंवा लहानशी चढण चढताना धाप लागते का? सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का? शंभर पावलांवर थांबावे लागते का? कपडे बदलतानाही लागते का? प्रश्न मार्मिक आहेत. पण आमच्याकडे सपाट रस्ता शोधायला निघालात तर त्यातच धाप लागेल! आमच्या बायकांना विचारायचे ते हंड्यावरून, मोळीवरून, लावणीच्या वेळी चिखलातून पाय उपसण्यावरून विचारले पाहिजे. आणि माझ्या मते सर्वांत खरा प्रश्न 'दम लागतो का?' हा नव्हेच. 'पूर्वी काय करत होता, जे आता करत नाही?' हा आहे.

आईला मी तालुक्याला नेले, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. तिथे तिला एका नळीत जोराने फुंकायला सांगितले. एका दमात किती हवा बाहेर पडते आणि त्यातली किती पहिल्या सेकंदातच पडते, हे ते यंत्र मोजते. हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८४६ साली फुप्फुसाची हवा मोजण्याचे यंत्र जगापुढे मांडले, त्याचेच हे पणतू. आई नळी हातात घेऊन हसली. म्हणाली, "आयुष्यभर फुंकणीच फुंकली. आता ह्यांच्यासाठी पण फुंकू?" तपासणाऱ्या मुलीला त्यातले काही कळले नाही. मला कळले. चुलीच्या तोंडाशी बसून पन्नास वर्षे फुंकणीने जाळ केलेल्या बाईला, हवा बाहेर टाकायला किती वेळ लागतो ते आता दुसरी फुंकणी सांगत होती. विडी-सिगारेट कधी न ओढलेल्या बायकांच्या श्वासनलिका चुलीच्या धुराने अशा अरुंद होतात, हे आज सर्वमान्य आहे. आमच्या घरी गॅसची शेगडी बरीच वर्षे आहे. पण 'भाकरी चुलीवरचीच गोड' म्हणून आम्ही सारे मिटक्या मारीत होतो, आणि सिलिंडर भरायला पैसे पडतात म्हणून तीही चुलीपाशी बसत होती. यात तपासणारा कोण आणि गुन्हेगार कोण?

आता एका मणिमाळेची गोष्ट सांगतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. न्यूमोनियाने लहान मुले मरत, डॉक्टर दूर. मूल शांत असताना मिनिटाला किती श्वास घेते यावरून न्यूमोनिया ओळखता येतो: दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्यात ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक, असा आज जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. पण ज्या सुइणीला साठापर्यंत मोजता येत नाही तिने काय करावे? तिच्यासाठी त्यांनी एक साधे साधन बनवले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबड्या मण्याची पाळी आली की समजायचे, औषध हवे. गावातल्या माणसांनी ओळखलेल्या आणि उपचार केलेल्या त्या न्यूमोनियामुळे बालमृत्यू घटल्याचा त्यांचा लेख १९९० साली 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात आला.

मला या गोष्टीत मण्यांपेक्षा वाळू महत्त्वाची वाटते. ती सुईण शिकलेली नव्हती. पण वाळू पडून संपेपर्यंत तिला त्या मुलासमोर बसावेच लागे. ज्यांना मोजता येते त्यांना मात्र हे मिनिट जड जाते. श्वास न मोजताच अंदाजाने अठरा-वीस लिहून टाकण्याची खोड जगभरच्या दवाखान्यांत आढळते म्हणतात. मला नवल वाटत नाही. तोंडी परीक्षेचे गुण मीही पुष्कळदा मुलाच्या चेहऱ्याकडे पाहूनच लिहिले आहेत.

आणि या मोजण्यात एक नाजूक गोष्ट आहे. आपला श्वास मोजला जातो आहे हे कळले की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून जाणते लोक नाडी पाहण्याचा बहाणा करतात, मनगट धरून ठेवतात आणि नजर मात्र छातीवर असते. खोटेपणा म्हटला तर हा खोटेपणाच. पण याच्याइतका निर्मळ खोटेपणा मला दुसरा ठाऊक नाही.

तर मग शब्द खरा की आकडा? पुष्कळ दिवस घोळवून मी एका साध्या उत्तरापाशी आलो आहे. दोघांचे एकमत असेल तेव्हा प्रश्नच नाही. दोघांचे पटत नसेल, तेव्हा जो धोका सांगतो त्याचे आधी ऐकावे. ठाकरवाडीचा मुलगा म्हणत होता 'धोका', मी म्हणत होतो 'सोंग'. त्याचे मानले असते आणि ते सोंग निघाले असते, तर माझी एक कवायत बुडाली असती. तात्यांच्या घरी यंत्र म्हणत होते 'धोका'. ते खोटे ठरते तर शहापूरची एक फेरी फुकट गेली असती. नुकसान एवढेच. उलट बाजूचे नुकसान किती, ते मी पाहिले आहे. दम्याच्या झटक्यात छातीतली घरघर एकाएकी थांबली, तर घरच्यांना वाटते उतार पडला. आणि कधी कधी हवा आत-बाहेर होणेच बंद पडत आलेले असते. शांतता पाहून सुखावण्यापूर्वी तिचे कारण विचारावे, ते एवढ्यासाठी.

यावर कुणी म्हणेल, असे प्रत्येक वेळी धावत सुटलो तर पोरे फसवतील, यंत्रे फसवतील. फसवतील खरी. मी फसायला तयार आहे. कारण तपासणाऱ्याची चूक फेडावी लागते ती तपासल्या जाणाऱ्याला, हा या धंद्यातला मूळचा अन्याय आहे. तो नाहीसा करणे माझ्या हाती नाही. निदान काही चुकांचे मोल मी माझ्या खिशातून भरावे, एवढे मात्र हाती आहे.

हे लिहितो आहे तेव्हा बाहेर अंधार पडला आहे. दिवे लागले आहेत. मुलांना यंदा फटाके अंगणात नको, खळ्यावर नेऊन उडवा, असे सांगितले. ती कुरकुरत का होईना, गेली. ठाकरवाडीचा तो मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. सकाळी फराळाला आला होता, आणि खिशात औषधाचा पंप आहे का म्हणून मी विचारल्यावर त्याने तो काढून दाखवला. आई ओटीवर पणतीपाशी बसली आहे. मी पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसलो, एक डोळा घड्याळाकडे ठेवून. एक मिनिट झाले. बावीस.

"काय रे, मघापासून काय बघतोस?" तिने विचारले.

"काही नाही."

"मग बघत काय बसलास? पेपर तपास."